सव्वीस मिनिटं अडकलेला निरोप

माझ्या मुलीला तिच्या ऑफिसात सगळे ‘कात्री’ म्हणतात. म्हणजे म्हणायचे. गेल्या दोन महिन्यांत कुणी तशी हाक मारल्याचं तिच्या बोलण्यात आलेलं नाही. तिच्या टेबलावर कुणीतरी गंमत म्हणून एक जुनी कात्री दोऱ्याने बांधून ठेवली होती. तीही ती परवा पिशवीतून घरी घेऊन आली आणि शिवणाच्या डब्यात टाकून दिली.

ती एकतीस वर्षांची आहे. छत्तीस रक्तपेढ्या आणि दीडशेच्या वर दवाखाने एकमेकांना जोडणारी एक यंत्रणा आहे, तिथे ती काम करते. रक्तपेढीतून एखादी पिशवी बाहेर गेली किंवा आत आली की तिथला माणूस कम्प्युटरवर नोंद करतो आणि तो कम्प्युटर मुख्य ऑफिसातल्या सर्व्हरला निरोप धाडतो. दवाखान्यातून कुणी विचारलं, अमुक गटाचं रक्त कुठे मिळेल, तर सर्व्हर उत्तर देतो. “आई, आम्ही पोस्टमन आहोत,” ती नोकरीला लागली तेव्हा म्हणाली होती. “रक्ताशी आमचा काही संबंध नाही. आम्ही फक्त चिठ्ठ्या पोचवतो.” मला हायसं वाटलं. लहानपणी गुडघा फुटला तरी रक्त बघून तिला चक्कर यायची.

तेव्हा दवाखान्यातून विचारल्यापासून उत्तर यायला अकरा सेकंद लागत. मी म्हणाले, अकरा सेकंद म्हणजे काय मोठं? तिने मला गॅससमोर उभं केलं. पातेल्यातलं दूध वर येत होतं. “आता अकरा मोज आणि मग बंद कर,” ती म्हणाली. मी चारपर्यंत पोचले आणि गॅस बंद केला. “बघ,” ती म्हणाली, “आणि हे तर नुसतं दूध आहे.”

उशीर का होतो ते तिने शोधून काढलं. मी रसायनशास्त्राची पदवी घेतलेली, कम्प्युटरमधलं मला फारसं कळत नाही, पण तिने सांगितलेलं कळलं. एक पिशवी हलली की रक्तपेढी आपल्याकडच्या तीनशे पिशव्यांची सगळी यादी पुन्हा पाठवायची. प्रत्येक निरोपात रक्तपेढीचं पूर्ण नाव, पत्ता, फोन, प्रमुखांचं नाव. छत्तीस ठिकाणांहून दिवसभर असे लठ्ठ निरोप निघायचे. लाइनवर नुसती खेचाखेच. दवाखान्याचा साधा प्रश्न त्या गर्दीत मागे उभा राहायचा. तिने यादी बंद केली आणि जे बदललं तेवढंच पाठवायचं ठरवलं. नाव-पत्त्याच्या जागी एक नंबर आला. निरोपात एक वेळही असायची, रक्तपेढीत नोंद केल्याची. सर्व्हर निरोप मिळाल्याची वेळ स्वतः टिपून ठेवतच होता. “एकाच गोष्टीची वेळ दोनदा कशाला?” असं म्हणून तिने पहिली वेळ काढून टाकली. कात्री हे नाव तेव्हा पडलं.

शाळेतही ती अशीच होती. वीस ओळींचा निबंध सांगितला की सात ओळींत संपवायची. बाईंनी एकदा वहीवर ‘आळस’ असा शेरा मारला. मी भांडायला गेले, तर बाई म्हणाल्या, “अहो, चूक एकही नाही. पण वाचणाऱ्याला जरा श्वास घ्यायला जागा तर ठेवा.” 

शेवटचं काम गठ्ठ्याचं. छोटे छोटे निरोप एकेक करून पाठवले तर प्रत्येकाला जाण्या-येण्याचा खर्च पडतो. त्यापेक्षा दहा निरोप जमले की एका गठ्ठ्यात पाठवायचे. दहा जमले नाहीत तर चार मिनिटं वाट बघायची आणि असतील तेवढे पाठवायचे. तिचे बाबा चष्म्याच्या दुकानात काचा घासतात, दिवसभर गप्प असतात आणि घरी आल्यावर त्याची भरपाई करतात. ते म्हणाले, “ते राहू दे. आधी तुझ्या आईचे फोन गठ्ठ्यात घाल. पोचलीस का, एक फोन. जेवलीस का, दुसरा फोन. परत कधी निघतेस, तिसरा. माझी लाइन दिवसभर जाम.”

“तुमच्या वाटची काळजीही मीच करते म्हणून तुम्हाला हसू येतं,” मी म्हणाले.

“दहा काळज्या जमल्या की मग फोन करत जा,” लेक म्हणाली, आणि आम्ही तिघंही हसलो.

अकरा सेकंदांचा एक सेकंद झाला, मग त्याहूनही कमी. तिच्या साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. ती तीन वर्षं कंत्राटावर होती, आता कायम करू म्हणाले. दवाखान्यांतले लोक खूश. पूर्वी ते पडद्यावर बघून वर एक फोनही करायचे, “आहे ना हो खरंच?” असं विचारायला, कारण पडद्याचा भरवसा नव्हता. आता उत्तर इतकं पटकन यायचं की फोन करायची सवयच मोडली. हे मला नंतर कळलं. तिला तर त्याहूनही नंतर कळलं, आणि ते तिला सगळ्यात जास्त लागलं.

त्या सोमवारी संध्याकाळी एका छोट्या प्रसूतिगृहात एका बाईला बाळंतपणानंतर रक्तस्राव सुरू झाला. ओ निगेटिव्ह रक्त हवं होतं. सात बत्तीसला त्यांनी पडद्यावर विचारलं. एक सेकंदही लागला नाही. वीस-बावीस मिनिटांवरच्या रक्तपेढीत दोन पिशव्या शिल्लक आहेत, असं उत्तर आलं. बाईचा नवरा गाडी घेऊन धावला. पाच कमी आठला तिथे पोचला, तर पिशव्या नव्हत्या. त्या सव्वासातलाच दुसऱ्या रुग्णासाठी गेल्या होत्या. दुसरी रक्तपेढी नेमक्या उलट्या दिशेला, पाऊण तासावर. तो तिथून रक्त घेऊन परत आला तेव्हा उपयोग राहिला नव्हता. बाळ वाचलं. आधी रक्त मिळालं असतं तर ती वाचली असती का, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. “सांगता येत नाही” हे कळवायला सोपं असतं, पण ज्याला ऐकायचं त्याला आयुष्यभर पुरतं.

त्या रक्तपेढीत त्या वेळी एकटे काका होते. ते तिथले तंत्रज्ञ, वय सत्तावन्न. माझी मुलगी त्यांना ओळखत होती. दोन वर्षांपूर्वी ती तिथे कम्प्युटर बसवायला गेली होती तेव्हा तिला मोडकी खुर्ची मिळाली, तर त्यांनी आपली दिली आणि स्वतः तासभर उभं राहून काम केलं. त्यांची कामाची पद्धत बघून तिला मजा वाटली होती. इतर तंत्रज्ञ आलेल्या सगळ्या पिशव्या फ्रिजमध्ये ठेवतात आणि मग बसून एकदम नोंदी करतात. काका एक पिशवी उचलणार, चिठ्ठी मोठ्याने वाचणार, पुसणार, फ्रिजमध्ये ठेवणार, कम्प्युटरवर नोंद करणार आणि मगच दुसरीला हात लावणार. तिथला शिपाई म्हणायचा, “काका प्रत्येक पिशवीची मुलाखत घेतात.” काका म्हणायचे, “घेतो. ती पुढे कुणाच्या अंगात जाणार ते मला माहीत नाही, म्हणून आधी तिची ओळख करून घेतो.”

मंगळवारी सकाळी तिच्या साहेबांनी तिला विचारलं, त्या दोन पिशव्या गेल्याची नोंद सर्व्हरवर कधी आली? तिने पाहिलं. सात एक्केचाळीसला. आणि एकटी नाही, त्याच सेकंदाला त्या रक्तपेढीच्या दहा नोंदी. विचारलं तेवढंच तिने लिहून दिलं. साहेबांनी कागद वाचला आणि म्हणाले, “म्हणजे म्हाताऱ्याने सगळं नंतर एकदम भरलंय. सव्वीस मिनिटं पडद्यावर खोटा आकडा.”

दुपारपर्यंत काकांना घरी बसवलं गेलं.

ती त्या दिवशी लवकर घरी आली. चप्पल काढून तशीच स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली. मी काहीतरी चिरत होते. ती म्हणाली, “आई, काका एकदम भरत नाहीत.”

“कोण काका?”

मग तिने सगळं सांगितलं. मी वर जे लिहिलं ते तेव्हा तिच्याकडूनच ऐकलं. आणि त्याच्या पुढचंही. गठ्ठ्यासाठी चार मिनिटं मोजणारं घड्याळ पहिल्या निरोपापासून चालायला हवं होतं. तिने लिहिलं होतं ते शेवटच्या निरोपापासून. म्हणजे नवा निरोप आला की घड्याळ पुन्हा शून्यावर. भराभर निरोप आले तर दहा लगेच जमतात, गठ्ठा सुटतो. एक-दोन येऊन थांबले तर चार मिनिटांत सुटतो. तिने या दोन्ही गोष्टी तपासून पाहिल्या होत्या. पण कुणी दर तीन मिनिटांनी एकेक नोंद करत बसलं तर? घड्याळ कधीच चारपर्यंत पोचत नाही. दहावा निरोप येईपर्यंत पहिला तसाच आत पडून राहतो. त्या संध्याकाळी रक्तदान शिबिरातून नव्या पिशव्या आल्या होत्या आणि काका त्यांची मुलाखत घेत बसले होते.

“छत्तीस रक्तपेढ्यांत असं काम करणारा एकच माणूस आहे,” ती म्हणाली. “आणि मी त्याला काम करताना पाहिलं होतं.”

“पण त्यांनी वेळेवर नोंद केली हे निरोपात दिसेल ना?”

“ती वेळ मी काढून टाकली, आई. जागा वाचवायला.”

एक पुरावा उरला होता. प्रत्येक रक्तपेढीतला कम्प्युटर आपल्यापुरती एक फाईल ठेवतो. कोणती नोंद किती वाजता केली ते त्यात असतं. ती फाईल बाहेरून बघता येत नाही, तिथे जाऊनच उतरवून आणावी लागते. आणि सात दिवसांपेक्षा जुनी नोंद आपोआप पुसली जाते, कारण ते कम्प्युटर जुने, त्यांत जागा कमी. हा सात दिवसांचा नियमही तिनेच घातलेला.

“उद्या जाऊन आणते,” ती म्हणाली.

तिच्या कायम नोकरीची ऑर्डर शुक्रवारी मिळायची होती.

इथे मला जे लिहायचं आहे ते लिहायला हात चालत नाही. मी तिला म्हणाले, “सात दिवस आहेत ना? मग उद्याच कशाला? शुक्रवारी ऑर्डर हातात घे, शनिवारी जा. फाईल काही पळून जात नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“चोर सोडून संन्याशाला फाशी देतायत, आई.”

“फाशी नाही देत कुणी. घरी बसवलंय चार दिवस. त्यांचं वय झालंय, तुझं अख्खं आयुष्य पुढे आहे. आणि तू काय मुद्दाम केलंस?”

तिचे बाबा म्हणाले, “तिला जाऊ दे.” एवढंच म्हणाले. मी त्यांच्यावर ओरडले की तुम्हाला तिची काळजी नाही. ते उठून गॅलरीत गेले. मुलगी उंबऱ्यावरून उठली. मग म्हणाली, “शुक्रवार तर शुक्रवार.”

बुधवारी आणि गुरुवारी ती ऑफिसात गेली. ते घड्याळ तिने मंगळवारी रात्रीच दुरुस्त केलं होतं, कुणाला न सांगता. जेवताना घास हातात धरून बसायची. मी म्हणायचे, “खा गं,” आणि ती खायची. शुक्रवारी सही करणारे साहेब आले नाहीत, ऑर्डर सोमवारवर गेली. शनिवार-रविवार रक्तपेढीतलं ऑफिस बंद, आणि त्यांच्या परवानगीशिवाय फाईल मिळत नाही, हे मला तेव्हा कळलं. सोमवारी ती सकाळी उठली, केस विंचरले आणि म्हणाली, “ऑर्डर येवो न येवो, मी दुपारी तिथे जाते. आज संध्याकाळी पुसली जाईल.”

माझ्या छातीत धडधडायला लागलं.

धडधडत होतं हे खरं आहे. पण माझ्या छातीत गेली दहा वर्षं धडधडतंय. ती बाहेर उशिरापर्यंत राहिली की धडधडतं, फोन दोनदा वाजून बंद झाला की धडधडतं. ते किती असतं हे मला माहीत आहे, आणि त्या दिवशी मी त्याहून जास्त सांगितलं. हात बधिर झालाय म्हणाले. बधिर झाला नव्हता.

ती मला दवाखान्यात घेऊन गेली. कार्डिओग्रामची पट्टी काढली, ती ठीक आली. पण डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत राहू दे, पुन्हा एकदा काढू. तिचे बाबा दुकानातून आले. ती म्हणाली, “बाबा आहेत तुझ्याजवळ. मी तासाभरात जाऊन येते.” मी तिचा हात धरला. “तू जाऊ नकोस,” म्हणाले. तिने माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं होतं, असं मला आता वाटतं. तेव्हाच कळलं असणार. पण हात तिने सोडवून घेतला नाही.

माझ्या पलंगासमोर भिंतीवर घड्याळ होतं. सव्वासात वाजले तेव्हा तिने एकदा वर बघितलं. त्यानंतर बघितलं नाही. मी बघत होते. सात एक्केचाळीस झाले. नर्स आली, पुन्हा पट्टी काढली, “सगळं छान आहे आजी,” म्हणाली. मी आजी नाही अजून, पण तेव्हा बोलले नाही.

मंगळवारी ऑर्डर आली. तिने ती कपाटात ठेवली आणि बुधवारी चौकशी समितीसमोर जाऊन सगळं सांगून टाकलं.

तिथे तिघे होते, त्यांतले एक तिचे साहेब. तिने दोन कम्प्युटर मांडले, एकावर रक्तपेढी, दुसऱ्यावर सर्व्हर. जुनं घड्याळ पुन्हा घातलं. म्हणाली, मी दर तीन मिनिटांनी एक नोंद करते, तुम्ही सर्व्हरकडे बघा. अर्धा तास लागणार होता. पहिली पाच मिनिटं तिघांनी पाहिलं. मग एकाने वर्तमानपत्र काढलं. दुसरे म्हणाले, “हे जरा भरभर नाही का करता येणार?” ती म्हणाली, “भरभर केलं तर दिसणार नाही.” ते चहाला गेले आणि परत आले, तरी सर्व्हरचा पडदा कोराच होता. दहावी नोंद केली आणि दहाही एकदम उमटल्या.

अध्यक्षांनी चष्मा काढला. “म्हणजे असं होऊ शकतं.”

“हो.”

“पण त्या दिवशी असंच झालं कशावरून? समजा, त्यांनी साडेसातनंतर बसून दहा नोंदी भराभर केल्या. तरी सर्व्हरवर असंच दिसलं असतं ना?”

“हो,” ती म्हणाली.

“मग फरक कसा कळणार?”

“रक्तपेढीतल्या फाईलवरून कळला असता. ती सात दिवसांची असते.”

“कधी पुसली गेली?”

“परवा.”

“आणि हे तुमच्या लक्षात कधी आलं?” साहेबांनी विचारलं.

तिने काय उत्तर दिलं ते तिने मला सांगितलं नाही.

ऑर्डर त्यांनी काढून घेतली नाही. तिला एक ताकीद मिळाली, लेखी, सौम्य भाषेत. मी आठवडाभर ज्या भीतीने सुकले होते ते घडलंच नाही. काकांना संशयाचा फायदा दिला. कागदावर तसंच लिहिलं, ‘संशयाचा फायदा’. कामावर परत या, पण नोंदीच्या टेबलावर नाही, भांडारात. निवृत्तीला चौदा महिने राहिले होते. काकांनी भांडारात जायच्या ऐवजी राजीनामा दिला.

निरोपात आता पुन्हा वेळ असते. प्रत्येक निरोप थोडा लांब झाला आहे. दवाखान्यांना तिने पत्र पाठवायला लावलं, की शेवटच्या दोन पिशव्या असतील तेव्हा फोन करून खात्री करा. साहेब म्हणाले, “म्हणजे आपण केलेल्या कामाला काय अर्थ राहिला?” ती म्हणाली, “जेवढा होता तेवढा आहे, सर.” तेव्हापासून कुणी तिला कात्री म्हणत नाही.

तीन आठवड्यांनी ती म्हणाली, “मी काकांकडे जाते.” मी म्हणाले, मी येते. ती नको म्हणेल असं वाटलं होतं. “चल,” म्हणाली.

तिसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा. काकूंनी दार उघडलं. काका खुर्चीत बसले होते, घरातही इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. त्यांनी तिला लगेच ओळखलं. “मशीन बसवायला आली होतीस,” म्हणाले. “बसा ना. या तुझ्या आई का?”

तिने सगळं सांगितलं, माझ्यासारखं पाल्हाळ न लावता. आठ-दहा वाक्यांत. घड्याळ कसं चुकलं, वेळ कशी काढली, समितीत काय झालं. काका मान खाली घालून ऐकत होते. काकू चहा घेऊन आल्या आणि तशाच उभ्या राहिल्या.

ती थांबल्यावर काका म्हणाले, “एक विचारू? मी त्या दिवशी पिशव्या दिल्या दिल्या नोंद केली होती ना?”

“हे मला रोज विचारतात,” काकू म्हणाल्या. “मी काय तिथे होते का हो?”

“तू गप्प बस. हिला माहीत असेल.” ते तिच्याकडे वळले. “त्याचं काय आहे, पहिले काही दिवस मला स्पष्ट आठवत होतं. मग चार जणांनी विचारलं, नक्की ना, नक्की ना. आता डोळ्यांपुढे आणायला गेलं की दोन्ही दिसतं. केली असंही दिसतं, राहिली असंही दिसतं. ती बाई...” ते थांबले. “माझ्यामुळे गेली असेल तर मला कळायला हवं.”

“तुमच्यामुळे नाही, काका. तुम्ही नोंद केली होती. सव्वासातला.”

“तुला कसं माहीत? फाईल तर नाही म्हणतेस.”

“तुम्ही कसं काम करता ते मी बघितलंय. एक पिशवी, एक नोंद.”

काकांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले. मग हळूच म्हणाले, “म्हणजे तुलाही नक्की माहीत नाही.”

“नाही,” ती म्हणाली. खोटं बोलायला तिला कधीच जमलेलं नाही. पण पुढच्याच मिनिटाला ती खोटं बोलली, आणि ते माझ्यासाठी.

“फाईल होती तेव्हा का नाही आलीस, पोरी?” काकांनी विचारलं. त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

“उशिरा लक्षात आलं, काका,” ती म्हणाली. “माझंच चुकलं.”

“असो. होतं असं,” काका म्हणाले, आणि चक्क तिची समजूत काढायला लागले. तरुण आहेस, मनाला लावून घेऊ नकोस, चहा गार होतोय. मी समोरच बसले होते. कप माझ्या हातात होता. मी चहा संपवला, काकूंना म्हणाले, छान झालाय, आणि आम्ही निघालो. जिन्यात तिने माझा हात धरला, कारण खालच्या मजल्यावर दिवा नव्हता.

त्यानंतर आम्ही या विषयावर बोललो नाही. ती वेळेवर जाते, वेळेवर येते, मी फोन केला की उचलते. पोचले, जेवले, निघाले, तिन्ही उत्तरं देते. तिचे बाबा मला आता गठ्ठ्यावरून चिडवत नाहीत.

तिला उशिरा लक्षात आलेलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी आलं होतं, दुपारच्या आत, आणि फाईल पुसली जायला तेव्हा सहा दिवस होते. हे काकांना सांगायला हवं. निदान ती आली नाही त्याचं कारण ती नव्हती, एवढं तरी. त्यांचा पत्ता मला माहीत आहे, तिसरा मजला, डाव्या हाताचं दार. मी अजून गेलेले नाही.